आत्याबाईचा कान

४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

पत्र बघून तुला वाटेल, हिला आज बरी आठवण झाली. काम आहे म्हणूनच झाली. आधीच सांगून टाकते, नाहीतर मामी ते ओळखणारच.

आमच्या प्राणी-उद्यानात प्रत्येक आवाराबाहेर नव्या पाट्या लावायच्या आहेत आणि पाटीवर त्या त्या प्राण्याचा फोटो हवा आहे. आत्तापर्यंतचे फोटो आमच्या हिशेबनीसांनी काढलेले. त्यांच्या फोटोत जिराफाची मान आहे पण डोकं नाही, आणि शहामृगाच्या फोटोत नुसतीच वाळू आहे. मी साहेबांना म्हटलं, माझ्या सख्ख्या मामाचा स्टुडिओ आहे. ते म्हणाले, "त्यांनी प्राण्यांचे फोटो काढलेत का कधी?" मी म्हटलं, आमच्या अख्ख्या घराण्याचे काढलेत. ते हसले आणि बोलवा म्हणाले.

पण माझं खरं काम वेगळंच आहे. आमच्याकडे एक अस्वलीण आहे. सगळे तिला आत्याबाई म्हणतात, कारण कोणीही काहीही करत असलं तरी ती बाजूला बसून नापसंतीने फुरफुरते. तिची बहीण गेल्या वर्षी वारली, तेव्हापासून ती एकटी आहे. दिवसभर जाळीच्या कडेने एकाच वाटेवर येरझारा घालते. त्या वाटेवर आता गवतही उरलेलं नाही. पुढ्यात मध ठेवला तरी हुंगते आणि तोंड फिरवते. मी तिला तपासते, औषधं देते, पण मामा, एकटेपणावर माझ्याकडे गोळी नाही.

दुसऱ्या एका उद्यानात एक नर आहे. तोही एकटाच. त्याचं नाव मास्तर. हिला तिकडे पाठवायची आमची तयारी आहे, पण तिथले प्रमुख भारी चोखंदळ. त्यांनी मास्तरचा फोटो आधीच पाठवलाय, रुबाबदार आहे हो, आणि आता म्हणतात, तुमच्या अस्वलाचा चांगला फोटो पाठवा मग ठरवू. हिशेबनीसांचा पाठवला तर ते विचारतील, हा ढिगारा कशाचा?

येशील ना? अत्तर लावू नकोस, तो लाल शर्ट घालू नकोस आणि स्टूल आणू नकोस.

तुझी,
भाची

९ फेब्रुवारी

चि. डॉक्टरीणबाईस अनेक आशीर्वाद.

येशील ना, हा काय प्रश्न झाला? पत्र वाचून होईपर्यंत माझी बॅग भरून झाली होती. तुझ्या मामीने ती पुन्हा उपसून नीट भरली, हा भाग वेगळा.

स्टुलाचं मात्र मनाला लागलं. त्या स्टुलावर या गावातला झाडून सगळा माणूस बसून गेलाय. न्यायाधीश बसलेत, पैलवान बसलेत, तुझी आई बसली आणि पडली. पण असो. तुमच्याकडे रीत नसेल तर नाही आणत.

तुझ्या आत्याबाईची हकीकत मी मामीला वाचून दाखवली. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "बिचारी. जेवायला दुसरं कोणी नसलं की घास उतरत नाही." बयो, तू अजिबात काळजी करू नकोस. लग्नासाठी माझ्याकडे फोटो काढला आणि नकार आला असं आजवर एकदाही झालेलं नाही. पंचक्रोशीतून लोक येतात ते काय उगीच? तिचं स्थळ जमलंच म्हणून समज.

एकच शंका आहे. माणसाला सांगता येतं, हनुवटी जरा खाली, खांदे सैल, डोळे मिटू नका. अस्वलाला काय सांगतात?

तुझा,
मामा

१ मार्च

चि. बयोस,

सुखरूप पोचलो. पाय अजून दुखतात, पण चार दिवस तुझ्याकडे जे पाहिलं ते डोळ्यांपुढून हलत नाही. इतकी वर्षं अंधाऱ्या खोलीत दिवे लावून मी माणसं उजळवली. उन्हात, आपल्याच मस्तीत हिंडणारं गिऱ्हाईक मला पहिल्यांदाच भेटलं. त्यातलं एकही माझं ऐकत नव्हतं, आणि तरी मला राग आला नाही. मामीचा यावर विश्वास बसत नाहीये.

जिराफाने माझ्या कॅमेऱ्याचं काळं कापड चघळलं ते तू पाहिलंसच. ते कापड मी धुतलं नाही, आल्यागेल्याला दाखवतो. सिंह चारही दिवस तोंड उघडं टाकून झोपला. तशा अवस्थेत मी आजवर फक्त माझ्या सासऱ्यांना पाहिलं होतं. साळिंदराला मी तीन बाजूंनी गाठलं, पण ते दर वेळी पाठ करून उभं राहिलं. झेब्रा मात्र सज्जन प्राणी. हवा तेवढा वेळ उभा राहिला, जणू ओळखपत्रासाठीच आला होता.

आणि आत्याबाई! मी जाळीशी बसलो होतो. ती आपली येरझारा घालत होती. माझ्यासमोरून जायची, वळायची, परत जायची, माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. दुपार कलली तशी एकदम थांबली. मागच्या पायांवर बसली, पुढचे पंजे पोटावर ठेवले आणि माझ्याकडे टक लावून पाहिलं. एखादी बाई दाराची कडी वाजली म्हणून उठून येते आणि बाहेर कोणीच नसतं, तेव्हा जशी बघते ना, तशी. मी बटण दाबलं. तेव्हाच ठरवलं, हिच्यासाठी आपली सगळी कला पणाला लावायची.

फोटो धुऊन तयार आहेत. आपलं नेहमीचं थोडं काम करतो आणि आठवडाभरात पाठवतो. आत्याबाईचा वेगळ्या पाकिटात घालतो, मऊ कागदात गुंडाळून.

तुझा,
मामा

१७ मार्च

प्रिय मामा,

तू जादूगार आहेस!

पाकीट आलं तेव्हा एक हरिणी अडलेली होती, म्हणून मी कोपरापर्यंत गुंतलेले. ऑफिसात सगळ्यांनी टेबलाभोवती गर्दी केली. पाडस सुखरूप जन्मल्यावर मी हात धुऊन जाईपर्यंत आत्याबाईचं पाकीट पुढे रवाना झालं होतं, कारण तिकडच्या उद्यानाचा माणूस नेमका निघाला होता आणि साहेबांनी ते त्याच्या हाती दिलं. म्हणजे जिच्यासाठी हा खटाटोप तिचाच फोटो मी पाहिलेला नाही! पण बाकीचे पाहिले. झेब्रा काय आलाय! सिंहाच्या तोंडातला दात न् दात दिसतो. राखणदार म्हणतात, आम्ही रोज बघतो पण असे कधी बघितले नव्हते. हिशेबनीस तेवढे म्हणाले, "कॅमेरा चांगला असणार." तू मनावर घेऊ नकोस.

आता मुख्य बातमी. तिकडून होकार आला! प्रमुखांनी लिहिलंय, "इतकं देखणं अस्वल आम्ही पाहिलेलं नाही." देखणं? आपली आत्याबाई? मला हसू आवरेना. ती गोड आहे, पण देखणी म्हणजे जरा जास्तच झालं. साहेब म्हणाले, मामांच्या नजरेला दिसली असेल तशी.

चोवीस तारखेला त्यांची माणसं तिला प्रत्यक्ष बघायला येताहेत, मग गाडी ठरेल. काल मी जाळीपाशी जाऊन तिला सगळं सांगितलं. ती फुरफुरली.

तुझी,
भाची

२१ मार्च

चि. बयोस,

होकार येणारच होता. मी तुला काय म्हटलं होतं?

मामीने तुझं पत्र शेजारणीला, दूधवाल्याला आणि एका अनोळखी माणसाला वाचून दाखवलं. तो बिचारा पत्ता विचारायला आला होता. हिशेबनीसांना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, कॅमेरा चांगला आहेच, पण कॅमेऱ्यामागेही कोणीतरी लागतं.

तू फोटो पाहिला नाहीस याची चुटपुट लागली. म्हणून काय काय केलं ते सांगतो. तिचा डावा कान निम्मा नाहीच ना. कुठेतरी फाटला असेल लहानपणी. बारीक ब्रश घेतला आणि उजव्या कानाकडे बघून डावा पुरा केला. केस न् केस काढलाय. मग छातीवरचा तो पांढरा पट्टा. एका बाजूने खाली आणि दुसऱ्या बाजूने वर, घाईत कॉलर लावल्यासारखा. माझ्या स्टुडिओतून वाकड्या कॉलरचं गिऱ्हाईक मी कधी बाहेर सोडलं नाही. पट्टा दोन्हीकडून सारखा केला. नाकावरचा ओरखडा पुसला, आणि डोळ्यांत एकेक पांढरा ठिपका दिला, म्हणजे जरा हसल्यासारखी वाटते. चार रात्री जागलो, पण सार्थक झालं.

शुभवार्तेची वाट पाहतो.

तुझा,
मामा

२४ मार्च

मामा,

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. सकाळी मिळालं असतं तर मी निदान आजारी तरी पडले असते.

सकाळी तिकडचे प्रमुख स्वतः आले, बरोबर दोन माणसं. हातात तुझा फोटो. जाळीपाशी उभे राहिले. आत्याबाई आली. त्यांनी फोटोकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "ही नव्हे. फोटोतली बोलवा." मी म्हटलं, हीच. ते म्हणाले, "डॉक्टर, अस्वल छातीच्या पट्ट्यावरून ओळखतात, हे मी तुम्हाला सांगायला हवं का?"

मी फोटो हातात घेतला. मामा, मला हसावं की रडावं कळेना. दोन कान! सरळ पट्टा! आणि ती मंद हसतेय! ही आमच्या मामाची कलाकुसर आहे, असं मी सांगितलं, पण तोवर त्यांचा पारा चढला होता. म्हणाले, "कान लपवलात, मग आणखी काय काय लपवलं असेल? दुखणं? वय?" साहेब मान खाली घालून उभे. ते लोक चहाही न घेता गेले.

तू मुद्दाम केलं नाहीस हे मला ठाऊक आहे. तुझ्याकडे येणारा माणूस स्वतःहून म्हणतो, जरा बरा दाखवा. पण हिने कुठे म्हटलं होतं? तिच्या फाटक्या कानावरून तर आम्ही तिला लांबूनही ओळखतो. तो तिचा कान आहे मामा.

जवळपास दुसरा नर नाही. मी सगळीकडे विचारून झालंय. आज संध्याकाळी ती येरझारासुद्धा घालत नव्हती. कोपऱ्यात तोंड घालून पडून होती. आता काय करू ते मला खरंच कळत नाही.

भाची

६ एप्रिल

चि. बयोस,

मी कुठून लिहितोय ते ओळख.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस स्टुडिओ उघडला नाही. मामीने आधी समजूत घातली, मग जेवायला वाढलं, मग ओरडली. "हात दाखवून अवलक्षण करून घेतलंत. आता तोंड लपवून काय होणार? ज्यांना फसवलंत त्यांच्यासमोर जा." बाई खरं बोलते तेव्हा फार मोठ्याने बोलते.

निगेटिव्ह काढल्या. ब्रशचा डबा कपाटावर टाकला. आत्याबाईचे आठ फोटो धुतले, जसे होते तसे. कान फाटका, पट्टा वाकडा, ओरखडा ठसठशीत. ते घेऊन गाडीत बसलो आणि तुझ्या त्या प्रमुखांच्या ऑफिसात येऊन उभा राहिलो. म्हटलं, डॉक्टरांचा यात काडीचा दोष नाही. कान माझा, म्हणजे मी काढलेला. हे खरे फोटो घ्या, तिची तुमच्या डॉक्टरकडून तपासणी करून घ्या, पण तिला परत एकदा बघा. ती उपाशी आहे हो.

त्यांनी फोटो पाहिले. टेबलावर पसरून ठेवले आणि म्हणाले, "विचार करू." म्हणजे नाही, हे मला कळतं. मीही गिऱ्हाइकांना उधारीबद्दल हेच सांगतो. मग म्हटलं, आलोच आहे तर तुमच्या मास्तरला तरी बघू द्या. त्यांनी एक माणूस दिला.

मास्तर उन्हात बसला होता. डाव्या अंगाने बघ, ऐटबाज! तुला पाठवलेल्या फोटोत आहे तस्सा. मी फोटो काढला आणि कुंपणाला वळसा घालून पलीकडे गेलो. बयो, पलीकडून त्याला डोळाच नाही. साफ मिटलेला, वर जुनी खोक. आणि दोन नखं गायब.

मी मागे वळून पाहिलं तर प्रमुख स्वतः मागोमाग आले होते. लाल झाले. मी म्हटलं, "तुमचा फोटो छान आहे. कोणी काढला?" ते म्हणाले, "मीच." मी म्हटलं, "ब्रशचं टचिंग अजिबात नाही. फक्त उभं राहायची जागा चांगली निवडलीत." त्यांनी मास्तरकडे पाहिलं. मग म्हणाले, "तिकडे पाठवायचा म्हटल्यावर वाटलं, आमच्या पोराला कोणी नावं ठेवू नयेत." आणि माणूस खोखो हसत सुटला! मीही हसलो. आमच्या हसण्याने मास्तर उठून निघून गेला.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय. त्यांनी माझ्यासमोर तुमच्या साहेबांना फोन लावला. शुक्रवारी गाडी निघतेय. तू हे पत्र वाचशील तेव्हा तुला कळलेलं असेलच, पण मी सांगितल्याचा आनंद मला हवा होता.

तुझा,
मामा

१३ एप्रिल

प्रिय मामा,

कळलं होतं, तरी तुझं पत्र मोठ्याने वाचलं. साहेब डोळे पुसून पुसून हसले. हिशेबनीससुद्धा.

गाडी गेली. आत्याबाईला पेटीत चढवायला अख्खी सकाळ गेली. दार लावताना तिने जाळीतून माझ्याकडे पाहिलं आणि मी तिच्यासमोर रडले नाही. नंतर रडले. तिचं आवार रिकामं आहे, त्या वाटेकडे आता बघवत नाही.

मला धाकधूक आहे. अस्वलं भांडतात मामा, आणि तीही वाईट भांडतात. तिथे त्यांना आधी शेजारच्या खोल्यांत ठेवतील, मधे जाळी. एकमेकांचा वास ओळखीचा झाला की मग दार उघडतील. तिने त्याला नाही पसंत केलं तर ती परत येईल आणि तिच्यासाठी दुसरं ठिकाण नाही. मला इथून हलता येत नाही, चार पाडसं बाटलीवर आहेत. तू तिथे थांबशील का? मामीला मी लिहिते. आणि जे होईल ते मला जसंच्या तसं कळव, चांगलं करून नको.

तुझी,
भाची

२८ एप्रिल

चि. बयोस,

थांबलो. मामीही इथे आली, म्हणजे तुझ्या पत्राने काय काम केलं ते बघ. प्रमुखांच्या घरी आमची वरची खोली आहे आणि मामीने त्यांच्या बायकोशी असं जमवलंय की त्या दोघींना अस्वलांची आठवणही होत नाही.

जसंच्या तसं सांगतो. पहिले काही दिवस वाईट गेले. आत्याबाईने अन्नाला तोंड लावलं नाही. मास्तर जाळीशी आला की गुरगुरायची. एकदा तर तिने जाळीवर असा पंजा मारला की मास्तर मागे भिंतीला जाऊन टेकला आणि दिवसभर तिथेच राहिला. प्रमुख म्हणाले, बहुतेक नाही जमायचं. मी त्या रात्री मामीला म्हटलं, मी उलट तिचं वाटोळंच केलं. मामी म्हणाली, "जरा दम धरा. मीही पहिला महिनाभर तुमच्याशी बोलत नव्हते."

मग कसं ते सांगता येत नाही. एके सकाळी गेलो तर ती जाळीला लागून झोपली होती, आणि पलीकडून तो. परवा दार उघडलं. भांडली तर सोडवायला चार माणसं पाण्याचे पाइप घेऊन तयार, मी कॅमेरा घेऊन. ती आत गेली. थेट त्याच्या आंधळ्या बाजूने गेली. त्याला ती दिसणारच नव्हती. तो दचकला, वळला, दोघं तोंडाला तोंड लावून उभी. तिने त्याचा तो मिटलेला डोळा हुंगला. बराच वेळ. आणि मग आपली फुरफुरली! पाइप धरलेला एक आडदांड गडी तिथेच डोळे पुसायला लागला. माझंही तेच झालं, आणि कॅमेऱ्याची काच अशी धुरकटली की तो फोटो मुळी निघालाच नाही.

आज दोघांपुढे एक कलिंगड ठेवलं होतं. तिने ते फोडलं, अर्धं स्वतः ओढलं आणि अर्धं त्याच्या बाजूला सरकू दिलं. खाल्लं, बयो. सालसुद्धा ठेवली नाही.

सोबत फोटो पाठवतोय. मी सकाळपासून कुंपणाशी बसलो, शीळ घातली, हाका मारल्या, किल्ल्या वाजवल्या. एकदाही दोघांनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. त्यामुळे दोघं पाठमोरी आली आहेत, एकमेकांना टेकून. तोंडं दिसत नाहीत, तिच्या अंगाला माती लागलीय, कलिंगडाच्या बिया चिकटल्यात, आणि ऊनही नको तिथे पडलंय. मी त्याला हात लावलेला नाही.

तिच्या रिकाम्या आवाराबाहेर पाटी लावायची असेल तर हाच लावा.

तुझा,
मामा